बागेचं, मैदानाचं काम महापालिकेकडून करून घ्यायचं कसं? कोल्हापूरकरांसाठी सविस्तर मार्गदर्शक

कोल्हापुरात माणसं जमवणं अवघड नाही. तालमीत निरोप गेला की संध्याकाळी चौक भरतो, सर्वपक्षीय कृती समिती दोन दिवसांत उभी राहते, आणि रस्त्यावरच्या रेट्यानं सरकारला निर्णय मागे घ्यायला लावता येतो हे टोलच्या लढ्यात या शहरानं दाखवून दिलं आहे. गल्लीतली बाग, मुलांचं मैदान, विरंगुळा केंद्र, सार्वजनिक शौचालय अशा साध्या सोयींच्या बाबतीत मात्र हीच ताकद वाया जाताना दिसते. निवेदन देताना फोटो निघतो, दुसऱ्या दिवशी पेपरात चौकट येते, आणि निवेदनावर आवक क्रमांक पडून ते अशा टेबलावर जातं जिथं त्या जागेचा उतारा नसतो आणि खर्चाला लेखाशीर्षही (अर्थसंकल्पातलं खर्चाचं खातं) नसतं. तिथंच ते थांबतं. अधिकारी वाईट आहेत म्हणून दरवेळी असं होत नाही. त्या कागदावर पुढचा शेरा काय मारायचा हेच त्यातून कळत नाही, हे जास्त वेळा कारण असतं.

म्हणून सगळा भर एकाच गोष्टीवर द्यायचा: आपला अर्ज असा हवा की ज्याच्या हातात पडेल त्याला नकार द्यायला कारण सापडू नये, आणि तो अर्थसंकल्पाच्या आधी पोचावा.

आधी जागा कोणाची, ते कागदावर बघा

पहिला प्रश्न हद्दीचा. पाचगाव, मोरेवाडी, उचगाव, उजळाईवाडी ही गावं शहराला चिकटलेली असली तरी तिथला कारभार ग्रामपंचायतीचा आहे. शहरालगतच्या ४२ गावांसाठी २०१७ साली कोल्हापूर नागरी क्षेत्र विकास प्राधिकरण झालं, पण ते नियोजन आणि बांधकाम परवानगीचं काम बघतं. गावातल्या बागेची मागणी ग्रामसभेतच मांडावी लागते. वर्षाला किमान चार ग्रामसभा घेणं कायद्यानं बंधनकारक आहे आणि त्या बहुधा २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या आसपास होतात. विषय आधी लेखी द्या, सभेत ठराव इतिवृत्तात आला का बघा आणि त्याची नक्कल घ्या.

शहरात असाल तर जागेचा नंबर शोधा. कोल्हापूरच्या मिळकती ए, बी, सी, डी आणि ई वॉर्डांत विभागलेल्या आहेत. जुन्या भागात सि.स.नं. (सिटी सर्व्हे नंबर) आणि वाढीव भागात बऱ्याच ठिकाणी रि.स.नं. (रिव्हिजन सर्व्हे नंबर) चालतो. शेजारच्या घराच्या घरफाळ्याच्या बिलावरून वॉर्ड कळतो, तिथून मोकळ्या जागेचा नंबर काढता येतो. मग नगर भूमापन कार्यालयातून मिळकत पत्रिका घ्यायची आणि महापालिकेच्या नगररचना विभागातून भाग नकाशा व झोन दाखला. हे तीन कागद हातात आल्याशिवाय निवेदन लिहायला बसू नका.

त्यातून चारपैकी एक चित्र समोर येतं.

जागा महापालिकेच्या नावावर असेल तर वाट सरळ आहे. ती उद्यान विभागाकडे आहे की इस्टेट (मिळकत) विभागाकडे, एवढं विचारून घ्या. इस्टेटकडे असली आणि कोणाला भाड्यानं किंवा करारानं दिलेली असली, तर आधी तो करार बघावा लागतो.

दुसरी शक्यता, जागा मंजूर लेआऊटमधली (रेखांकनातली) खुली जागा असण्याची. सध्याच्या एकीकृत बांधकाम नियमावलीप्रमाणे ४,००० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या जमिनीच्या रेखांकनात किमान १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. नकाशात ती हिरवी दिसते, पण मिळकत पत्रिकेवर अनेकदा मूळ मालकाचं किंवा सोसायटीचंच नाव असतं. अशा जागेवर महापालिकेचा पैसा खर्च करायला लेखा विभाग हरकत घेतो आणि फाइल परत येते. उपाय: मंजूर रेखांकनाची नक्कल मागा, त्यातल्या अटी वाचा, आणि सोसायटी असेल तर तिच्या सर्वसाधारण सभेचा ठराव अर्जाला जोडा. जागेचा ताबा महापालिकेकडे देण्याची तयारी त्या ठरावात स्पष्ट लिहिलेली असावी.

तिसरी शक्यता सगळ्यात नाजूक. विकास आराखड्यात बाग किंवा क्रीडांगणाचं आरक्षण आहे, पण जमीन खासगी आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे आराखडा अंमलात आल्यापासून १० वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत (रद्द) होतं. शहरं मैदानं गमावतात ती बहुतेक अशीच, कुठलाही गाजावाजा न होता. नोटीस आल्याचं रहिवाशांना कोणी कळवत नाही आणि दोन वर्षं निघून जातात. तुमच्या भागात असं आरक्षण असेल तर वर्षातून दोनदा माहिती अधिकारात एकच ओळ विचारा: या आरक्षणाबाबत कलम १२७ ची नोटीस मिळाली आहे का, असल्यास तारीख आणि त्यावर केलेली कार्यवाही. नोटीस आलेली असली तर बागेचा तपशील बाजूला ठेवून भूसंपादनाची किंवा मोबदल्यात टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन ताबा घेण्याची मागणी लावून धरा.

चौथी, जागा शासनाची, देवस्थान समितीची किंवा दुसऱ्या एखाद्या संस्थेची. इथं महापालिकेला आधी त्या मालकाकडून जागा किंवा ना हरकत पत्र मिळवावं लागतं. म्हणून अर्जाच्या दोन प्रती, एक महापालिकेला आणि एक मालक कार्यालयाला, एकाच दिवशी द्या.

काय मागायचं, हे बागेत उभं राहून ठरवा

बैठकीत बसून यादी केली की ती नेहमी सारखीच निघते: ओपन जिम, कारंजं, सेल्फी पॉइंट. तिथं रोज येणाऱ्यांना हवं असतं ते वेगळंच. एका कामाच्या दिवशी आणि एका रविवारी, सकाळी ६ ते ८ आणि संध्याकाळी ५ ते ८ दोघांनी वही घेऊन बागेत बसावं. दर अर्ध्या तासाला मोजायचं: चालणारे किती, लहान मुलं किती, बायका किती, ज्येष्ठ किती, आणि दिवे लागल्यावर कोण निघून जातं. या शेवटच्या नोंदीतून फार काही कळतं. अंधार पडताच बायका आणि मुली निघून जात असतील तर पहिली मागणी दिव्यांची, दुसरी शौचालयाची. जिम नंतर.

ओपन जिमबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: देखभालीचा करार नसेल तर मागू नका. बेअरिंग आणि वेल्डिंगचे जोड आधी जातात, सुटा भाग मिळत नाही, आणि तुटक्या दांड्यात मुलांची बोटं सापडतात.

मागणीत मापं लिहा. "चांगला ट्रॅक" या शब्दांवरून अंदाजपत्रक होत नाही. दोन माणसं समोरासमोरून जाऊ शकतील असा ट्रॅक १.८ मीटर रुंद लागतो. फाटकाची मोकळी रुंदी ९० सेंटीमीटर हवी, म्हणजे व्हीलचेअर आत जाते; मोटारसायकली अडवण्यासाठी आडवे पाइप लावताना हेच माप विसरलं जातं आणि ज्येष्ठांची वाट बंद होते. उताराचं प्रमाण १:१२, म्हणजे १५ सेंटीमीटर उंचीच्या पायरीला १.८ मीटर लांबीचा रॅम्प. झोपाळा, घसरगुंडीखाली काँक्रीट किंवा पेव्हर ब्लॉक चालणार नाही. किमान ३० सेंटीमीटर खोल वाळू आणि चारी बाजूंनी १.८ मीटर मोकळी जागा हे लेखी मागा. झाडाच्या बुंध्याभोवती एक मीटर माती उघडी राहिली पाहिजे, हेही लिहा. पेव्हर बसवणारा ठेकेदार बुंध्यापर्यंत फरशी भिडवतो आणि चार-पाच वर्षांत झाड वाळायला लागतं.

पंचगंगेच्या आणि जयंती नाल्याच्या पुराचं पाणी जिथं येतं, म्हणजे दुधाळी, सुतारवाडा, रमणमळा, नागाळा पार्कचा खालचा भाग, शाहूपुरीतली कुंभार गल्ली, तिथं मागणी वेगळी असायला हवी. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका पातळी धरतात. २००५, २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी कुठवर चढलं होतं, ते भिंतीवरच्या खुणेवरून मोजा आणि अर्जात लिहा. अशा बागेत विजेचा पॅनेल त्या खुणेच्या वर, रबराचं फ्लोअरिंग नको, लाकडी बाक नकोत, आणि निळ्या पूररेषेच्या (वारंवार येणाऱ्या पुराच्या हद्दीच्या) आत पक्कं बांधकाम मागूच नका, कारण ते मंजूर होणार नाही आणि त्याच्यासोबत बाकीची मागणीही अडकेल.

सगळ्यात दुर्लक्षित भाग म्हणजे देखभाल. माळी किती, पाणी कुठून, वीजबिल कोणत्या खात्यातून, फाटक उघडणार-लावणार कोण, या चार प्रश्नांची उत्तरं अर्जातच मागा. नवीन बागेपेक्षा आहे त्या बागेला एक माळी आणि एक बोअर मिळवून देणं बऱ्याचदा जास्त मोलाचं ठरतं. पण त्याचं उद्घाटन होत नाही, त्यामुळे त्यासाठी भांडायला पुढारी सापडत नाही. ते रहिवाशांनीच मागावं लागतं.

अर्ज असा लिहा

एक पान. त्याहून मोठा अर्ज वाचला जात नाही. एका अर्जात एकच जागा. पाच बागा एकत्र केल्या तर सगळ्यात अवघड बागेपाशी पाचही थांबतात. नमुना:

*प्रति, मा. आयुक्त, कोल्हापूर महानगरपालिका.*

*विषय: ई वॉर्ड, सि.स.नं. ____ या महापालिकेच्या मालकीच्या बागेतील पाण्याचा निचरा, दिवे व मुलांच्या खेळण्याच्या जागेची दुरुस्ती करणेबाबत, तसेच सन ____ च्या अर्थसंकल्पात तरतूद करणेबाबत.*

*महोदय, सदर जागा मिळकत पत्रिकेनुसार महापालिकेच्या मालकीची असून विकास आराखड्यात बाग म्हणून दर्शविली आहे (प्रती सोबत). दि. ____ व दि. ____ रोजी केलेल्या मोजणीत संध्याकाळी ५ ते ८ या वेळेत सरासरी ____ नागरिक बागेचा वापर करतात. त्यांपैकी ____ महिला व ____ मुले आहेत. अंधार पडल्यानंतर हा आकडा ____ वर येतो.*

*पुढील कामे आवश्यक आहेत: (१) पूर्वेकडील बाजूस ____ मीटर लांबीची गटार, (२) बंद असलेले ____ दिवे सुरू करणे व नवीन ____ बसविणे, (३) झोपाळ्याखालील काँक्रीट काढून ३० सें.मी. वाळू भरणे. त्याचबरोबर नियमित देखभालीसाठी एक माळी नियुक्त करावा.*

*या कामांची स्थळपाहणी करून अंदाजपत्रक तयार करावे व केलेल्या कार्यवाहीची लेखी माहिती द्यावी, ही विनंती.*

प्रत शहर अभियंता, उद्यान विभाग, विद्युत विभाग, आपल्या विभागीय कार्यालयातले उपशहर अभियंता आणि प्रभागातले सर्व नगरसेवक यांना. विभागीय कार्यालयं चार आहेत: गांधी मैदान, छत्रपती शिवाजी मार्केट, राजारामपुरी आणि ताराराणी मार्केट. स्थळपाहणीला येणारा कनिष्ठ अभियंता याच कार्यालयातला असतो, म्हणून तिथली प्रत मुख्य इमारतीतल्या प्रतीइतकीच महत्त्वाची.

जोडायचे कागद: मिळकत पत्रिका, भाग नकाशा, तारीख-वेळ दिसणारे सहा-आठ फोटो, हातानं काढलेला पण मापं लिहिलेला नकाशा, आणि सह्यांची यादी. सह्यांमध्ये नाव, पत्ता आणि सही एवढंच पुरे. बाहेरच्या भागातल्या सह्या एका दृष्टिक्षेपात ओळखू येतात आणि मग सगळी यादीच संशयास्पद ठरते. मागणीला परिसरातल्या कोणाचा विरोध असेल, उदाहरणार्थ मैदानाला लागून असलेल्या घरांचा चेंडू आणि आवाजाबद्दल, तर त्यांच्याशी आधी बोला आणि निघालेला तोडगा अर्जात लिहा. जाळीची उंची, खेळायची शेवटची वेळ. हे न केल्यास पाहणीच्या दिवशी ते समोर येतात आणि अभियंता "स्थानिकांचा विरोध" असा शेरा लिहून निघून जातो.

अर्ज आवक बारनिशीत (आलेल्या कागदांची नोंद होते त्या खिडकीवर) द्या. आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. साहेबांच्या हातात दिलेल्या निवेदनाला आवक क्रमांक नसतो, आणि ज्याला क्रमांक नाही त्याचा पाठपुरावा करता येत नाही.

वेळ चुकली की वर्ष गेलं

आर्थिक वर्ष १ एप्रिल ते ३१ मार्च. आयुक्त अंदाजपत्रक स्थायी समितीपुढे मांडतात, तिथून ते सर्वसाधारण सभेत जातं. हे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये घडतं, पण विभागांकडून कामांच्या याद्या त्याआधी दोन-तीन महिने मागवलेल्या असतात. म्हणजे तुमचा अर्ज सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आत गेला पाहिजे आणि डिसेंबरपर्यंत त्याचं अंदाजपत्रक तयार झालं पाहिजे. फेब्रुवारीत दिलेलं निवेदन बातमीपुरतं उपयोगी.

पुणे महापालिका २००६-०७ पासून नागरिकांकडून थेट कामं मागवून अर्थसंकल्पात घेते. आपल्याकडेही हा विषय सभागृहात मांडायला हरकत नाही, पण तोवर आपलं काम विभागाच्या यादीत घालणं हाच मार्ग.

वेळेचा हिशोबही डोक्यात ठेवा. कागद पाहणी, अंदाजपत्रक, तांत्रिक मंजुरी, प्रशासकीय मान्यता, निविदा आणि कार्यादेश (ठेकेदाराला काम सुरू करण्याचा आदेश) अशा क्रमानं जातो. कार्यादेश फेब्रुवारीत निघाला तर मे अखेर काम होतं. मेमध्ये निघाला तर पावसात खोदकाम होतं, मुरूम वाहून जातो आणि बिल मात्र पूर्ण निघतं. झाडं लावायची असतील तर ती जून-जुलैमध्येच, म्हणून झाडांचं काम बांधकामापासून वेगळं मागा. मध्ये निवडणूक असेल तर आचारसंहितेत नवे कार्यादेश थांबतात. तारखा बघून त्याआधी कार्यादेश निघेल असा पाठपुरावा करा.

पैसा फक्त महापालिकेच्या तिजोरीतूनच यावा असं नाही. नगरसेवकांचा ऐच्छिक निधी, आमदारांचा स्थानिक विकास निधी, खासदार निधी, जिल्हा नियोजन समितीकडून येणारा नगरोत्थान या राज्याच्या योजनेचा निधी, असे पर्याय आहेत. शहराचा काही भाग कोल्हापूर उत्तर विधानसभा मतदारसंघात आहे आणि काही दक्षिणमध्ये. बाग कोणत्या मतदारसंघात येते ते मतदार यादीवरून बघा. आमदार-खासदार निधीतून बांधकाम होतं, माळ्याचा पगार होत नाही. त्यामुळे अशा निधीतून बाग होत असेल तर देखभाल महापालिका करेल असं पत्र आधी हातात घ्या.

पाहणीचा दिवस

सगळ्या प्रवासात सर्वांत निर्णायक अर्धा तास हाच. कनिष्ठ अभियंता जे लिहून नेतो, तेच वर जातं. त्यामुळे तारीख विचारून घ्या आणि चार-पाचच माणसं उभी राहा. चाळीस माणसं जमली की गोंधळ होतो आणि मापं राहून जातात. टेप स्वतःची न्या. गटार कुठून सुरू होऊन कुठल्या मोरीला मिळणार, हे जमिनीवर चुन्यानं आखून दाखवा. पाण्याचा उतार कोणत्या बाजूला आहे हे पावसातल्या फोटोवरून दाखवा, कारण पाहणी बहुधा कोरड्या दिवसांत होते. दिव्यांच्या खांबांचे नंबर लिहून द्या. एका बाईनं आणि एका ज्येष्ठानं आपली अडचण दोन वाक्यांत सांगावी. अंदाजपत्रक सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीवरून होतं, त्यामुळे "एवढ्यात होईल का" असा वाद घालू नका. बाबींची नावं आणि मापं बरोबर उतरली आहेत का, एवढंच बघा.

पाहणीनंतर दोन दिवसांत एक छोटं पत्र द्या: अमुक तारखेला आपण पाहणी केलीत, त्यात पुढील मापं घेतली गेली. हे पत्र फाइलला लागतं आणि पुढे मापं कमी झाली तर त्याचा आधार राहतो.

नगरसेवक आणि सभागृह

२०१५ च्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२० मध्ये संपली आणि त्यानंतर पाच वर्षांहून अधिक काळ प्रशासकांचा कारभार होता. आता ८१ सदस्य आणि २० प्रभाग अशी रचना आहे, म्हणजे १९ प्रभागांत प्रत्येकी चार आणि एका प्रभागात पाच नगरसेवक. जुन्या एक सदस्यीय वॉर्डाची सवय असलेल्यांची इथं चूक होते. एकाच ओळखीच्या नगरसेवकाला अर्ज दिला की बाकीच्या तिघांना ते त्याचं काम वाटतं. चौघांना एकाच दिवशी, एकाच मजकुराची प्रत द्या आणि चौघांचं एकत्रित शिफारसपत्र मागा. वेगवेगळ्या पक्षांचे असले तरी चालतं. उलट चौघांच्या सह्या असलेलं पत्र स्थायी समितीत अडवणं कठीण जातं. २०११ च्या जनगणनेप्रमाणे शहराची लोकसंख्या ५,४९,२३६ होती. म्हणजे एका प्रभागात सरासरी २७ हजार माणसं. दोनशे सह्या या आकड्यापुढे लहान दिसतात, म्हणून संख्येपेक्षा बागेच्या भोवतालच्या प्रत्येक गल्लीतली घरं यादीत असणं महत्त्वाचं.

स्थायी समितीत १६ सदस्य असतात आणि खर्चाच्या मंजुऱ्या तिथून जातात. आपला विषय कोणत्या सभेच्या विषयपत्रिकेवर आहे हे नगरसचिव कार्यालयात कळतं. ठराव झाल्यावर त्याची नक्कल घ्या. "मंजूर" आणि "प्रशासनाने तपासून निर्णय घ्यावा" या दोन ठरावांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, बातमीत मात्र दोन्ही मंजूरच छापलं जातं.

कायद्यानं दिलेल्या आणखी दोन जागा फारशा वापरल्या जात नाहीत. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २९अ खाली प्रभाग समित्या असतात आणि त्यांवर स्वयंसेवी व समाज संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी घेता येतात. २००९ च्या दुरुस्तीनं क्षेत्रसभांचीही तरतूद केली. मागितल्याशिवाय या दोन्ही गोष्टी आपोआप घडत नाहीत. नोंदणीकृत तरुण मंडळ, महिला संस्था किंवा ज्येष्ठ नागरिक संघ असेल तर प्रभाग समितीवर नाव घेण्यासाठी लेखी मागणी करा.

फाइल अडली तर

तीस-चाळीस दिवसांत उत्तर नाही आलं तर आधी एक स्मरणपत्र, जुना आवक क्रमांक घालून. त्यानंतर माहिती अधिकार. महाराष्ट्राच्या नियमांप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टँप चालतो. "काम का झालं नाही" असं विचारू नका, त्याला माहिती म्हणत नाहीत आणि अर्ज निकाली निघतो. विचारायचं असं: आवक क्रमांक अमुकच्या अर्जावरील टिपणीच्या प्रती, तो अर्ज कोणत्या तारखेला कोणत्या अधिकाऱ्याकडे गेला, तयार केलेल्या अंदाजपत्रकाची प्रत. उत्तराची मुदत ३० दिवस. न मिळाल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, आणि त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं.

त्याहून सोपी एक सोय बऱ्याच जणांना ठाऊक नाही. नोव्हेंबर २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयात दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना अभिलेख बघता येतात. फाइल समोर बसून पानं चाळली की कोणाच्या शेऱ्यापाशी ती थांबली आहे हे दहा मिनिटांत कळतं. त्याच टेबलावर जाऊन काय कमी आहे ते विचारा. बहुतेक वेळा एखादा उतारा किंवा ना हरकत पत्र राहिलेलं असतं.

महिन्याच्या पहिल्या सोमवारी महापालिकेत लोकशाही दिन असतो. अर्ज १५ दिवस आधी, विहित नमुन्यात द्यावा लागतो, आणि तक्रार वैयक्तिक असावी लागते. सामुदायिक मागणी तिथं परत पाठवतात. बागेतलं पाणी तुंबून तुमच्या घरात शिरत असेल, तर ती तुमची वैयक्तिक तक्रार होते, तशी मांडा.

मैदान वाचवायची वेळ आली तर

इथं मुदती लहान असतात आणि चुकल्या की परत मिळत नाहीत. विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध झाल्यावर हरकती-सूचनांना ३० दिवस. त्याच नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली आरक्षण बदलायचं असेल तर नोटीस राजपत्रात आणि वृत्तपत्रात येते, हरकतीला एक महिना. झाडं तोडायची असतील तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे झाडावर आणि वृत्तपत्रात नोटीस लागते, हरकतीला फक्त सात दिवस. प्रभागातल्या एका माणसानं जाहीर नोटिशींचं पान रोज वाचायचं काम अंगावर घ्यावं.

हरकत प्रत्येकानं स्वतंत्र द्यावी आणि सुनावणीची मागणी त्यात लिहावी. छापील मजकुराच्या पाचशे प्रती एकच हरकत समजून निकाली निघू शकतात. मजकुरात जागेचा नंबर, सध्याचा वापर, एक किलोमीटरच्या आत दुसरं मैदान आहे की नाही, आणि बदलानं काय जाईल, एवढं पुरेसं. बागेत समाजमंदिर, मंडळाचं कार्यालय किंवा पार्किंग घुसवलं जात असेल तर मंजूर नकाशाशी तुलना करून दाखवा. सार्वजनिक बागेत नवं प्रार्थनास्थळ उभं राहत असेल तर तशा बांधकामांना मनाई करणारा सर्वोच्च न्यायालयाचा २००९ चा आदेश अर्जात नमूद करा, आणि हे कोणत्याही एका धर्माविरुद्ध लिहिलं आहे असं वाटणार नाही अशी भाषा ठेवा.

न्यायालयात जायची वेळ आली तर रहिवाशांची बाजू कमकुवत नसते. बंगळूरच्या एका बागेची जागा रुग्णालयासाठी दिली गेली होती. मुद्दप्पा खटल्यात १९९१ साली सर्वोच्च न्यायालयानं तो निर्णय रद्द ठरवला आणि अशा बाबतीत परिसरातल्या रहिवाशांना दाद मागता येते हेही मान्य केलं. ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच सुरू झालं आहे, त्यामुळे मुंबईच्या खेपा वाचल्या. पण न्यायालय पहिलं विचारतं ते आधी लेखी हरकत घेतली होती का. आवक शिक्क्याच्या प्रती तिथं कामी येतात.

काम सुरू झाल्यावर

कार्यादेश आणि अंदाजपत्रकाची प्रत घ्या. फाटकावर कामाचं नाव, रक्कम, ठेकेदार आणि मुदत लिहिलेला फलक लागला आहे का बघा. दोघांनी आठवड्यातून दोनदा जाऊन बाबींवर खूण करावी. लक्ष ठेवायच्या जागा ठरलेल्या आहेत: पेव्हरखालचा थर दाबला का, गटारीचा उतार एका बादली पाण्यानं तपासला का, वाळूची खोली काठी घालून मोजली का, दिव्याची केबल पाइपातून गेली का. या गोष्टी झाकल्यावर दिसत नाहीत, म्हणून झाकायच्या आधीच फोटो काढा. त्रुटी दिसली तर ठेकेदाराच्या माणसांशी हुज्जत नको, त्याच दिवशी कनिष्ठ अभियंत्याला लेखी कळवा, आणि बिल निघण्याआधी.

करारात दोष दायित्व कालावधी असतो. त्या काळात खचलेला ट्रॅक किंवा तुटलेली घसरगुंडी ठेकेदारानं स्वखर्चानं दुरुस्त करायची असते, आणि तोवर त्याची अनामत रक्कम महापालिकेकडे असते. हा कालावधी कधी संपतो ती तारीख वहीत लिहा, संपण्याच्या दोन महिने आधी सगळ्या बागेची पाहणी करून त्रुटींची यादी आवक करा. अनामत परत गेल्यावर त्याच दुरुस्तीसाठी नवं अंदाजपत्रक आणि नवी निविदा लागते.

बाग दत्तक घ्यायची ठरली, तर करार सही करण्याआधी चार कलमं तपासा: पाणी आणि वीजबिल महापालिकेकडेच राहील, बाग सर्वांना ठरलेल्या वेळेत खुली राहील आणि कुलपाची दुसरी किल्ली विभागीय कार्यालयात असेल, संस्थेचा फलक किती मोठा असेल, आणि करार संपवायचा असेल तर किती दिवसांची नोटीस. पाणी-विजेचं कलम संस्थेच्या अंगावर पडलं की पहिल्या उन्हाळ्यातच हिरवळ जळते आणि दोष रहिवाशांवर येतो. ते कलम बदलून मिळत नसेल तर सही करू नका. माळ्याची मागणी तशीच लावून धरा.